म्हातारीची आंघोळ

त्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी म्हातारीला आंघोळ घातली जाई. सून लग्न होऊन आली त्याच महिन्यात एकदा सासऱ्यांनी पुढच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानातून हाक मारून विचारलं, "सूनबाई, म्हातारीला आंघोळ घातली का?" तेव्हा ती बिचारी गरम पाण्याची बादली उचलून सासूच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सासू चांगली धडधाकट बाई, केस अजून काळेभोर. तिने बादलीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. नवरा पोट धरून हसला. सासू मात्र बरेच दिवस सुनेशी तुटक बोलत होती.

म्हातारी म्हणजे एक बेअरिंग. चाकाच्या मधोमध बसतं ते लोखंडी कडं. आतल्या निम्म्या गोळ्या गळून पडलेल्या, त्या धरून ठेवणारी जाळी तुटलेली, एका अंगाला जळून निळाकाळा डाग पडलेला आणि बाहेरच्या कडेचा टवका उडालेला. ते मुळात कुठल्या गाडीतून निघालं होतं हे सासऱ्यांनाही आता सांगता आलं नसतं. ते पत्र्याच्या थाळीत ठेवायचं, इंजिनातलं जळकं तेल कोमट करून वर ओतायचं, काळं ग्रीस बोटाने फासायचं आणि वरून फडकं झाकायचं. मग ते आत्ताच्या आत्ता एखाद्या गाडीतून काढल्यासारखं दिसे. तीच म्हातारीची आंघोळ, आणि ती घालणं हे सुनेचं काम.

थाळीत म्हातारीला सोबत होती. एक चिरलेला पट्टा होता, झिजून कागदासारखे झालेले ब्रेकचे दोन तुकडे होते, आणि एक वाकडा खिळा होता. त्या खिळ्याने जितक्या चाकांना भोकं पाडली तितकी एखाद्या काटेरी झुडपानेही पाडली नसतील. पण ही सगळी किरकोळ मंडळी. मोठं काम निघालं की म्हातारीलाच बाहेर यावं लागे.

गिऱ्हाईकापुढे थाळी नेऊन फडकं उचलायचं कामही सुनेचंच. त्यामागे सासऱ्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणत, "तुटका भाग गड्याच्या हातात दिसला की गिऱ्हाईक घासाघीस करतं. बाईमाणसाच्या हातात दिसला की गप्प बसतं." आणि खरंच, फडकं उचललं की माणसं 'अरे बापरे' म्हणत. एकाने तर हात जोडले होते. म्हणाला, "वहिनी, तुमच्या माणसांनी जीव वाचवला माझा."

सुरुवातीला आंघोळ नवराच घाली, सुनेच्या हाती झाकलेली थाळी तेवढी येई, आणि तिलाही ते खरंच वाटे. या घरातली माणसं लोकांचे जीव वाचवतात असं तिने माहेरी सांगितलंही होतं. मग एकदा कडेचा टवका तिच्या ध्यानात आला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीच्या नावाने तोच टवका पुन्हा दिसला. त्या वेळी तिला काहीतरी वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असेल. पण मागे चुलीवर दूध होतं, पुढे गिऱ्हाईक उभं होतं आणि हातात थाळी होती. तिने फडकं उचललं. थोडं थोडं करून माणूस कशालाही सरावतं.

दुकानातले सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचं कामही तिच्याकडेच आलं. त्याने बोटांची टोकं आधी पांढरी पडली, मग त्यांची सालं निघाली, आणि मग त्यांना काही कळेनासं झालं. चहाचा कप धरला तर वाफ डोळ्यांना दिसे, पण कप गरम आहे की गार हे बोटं सांगत नसत. नखांच्या कडांत काळी रेघ कायमची बसली. ती आता कातडीचाच रंग असल्यासारखी तिच्या नजरेला दिसेनाशी झाली होती.

धंदा बरा चालला होता तेव्हा दारावरून रात्रंदिवस गाड्या जात. लांबच्या गावची घाईतली माणसं. लुबाडलेला माणूस पुन्हा दिसत नाही, हे त्या धंद्याचं मोठं सुख होतं. मग नवा मोठा रस्ता डोंगराच्या पलीकडून गेला आणि या रस्त्यावर धूळ तेवढी उरली. आता दुकानात येत ती आसपासचीच माणसं. शाळेतल्या बाई, दूधवाला, अंडीवाला, भाजीच्या हंगामात टेंपोवाले. ज्यांना खोटं सांगायचं ती परकी माणसंच उरली नाहीत. दुसरा कोणी असता तर त्याने थाळी विहिरीत फेकून दिली असती. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सासऱ्यांनी उलट हात आवळला. कमी गिऱ्हाईक आहे तर एकेकाकडून जास्त निघायला हवं, असा त्यांचा साधा हिशेब. आणि म्हातारी ओळखीच्याच चार तोंडांपुढून पुन्हा पुन्हा फिरू लागली.

त्या दिवशी शाळेतल्या बाई सकाळपासून येऊन बसल्या होत्या. त्यांच्या स्कूटरचं मागचं चाक पंक्चर झालं होतं. नवऱ्याने चाक काढलं, आणि सासऱ्यांनी बोलता बोलता पुढचा ब्रेकही उघडून ठेवला. उघडलेली गाडी घेऊन गिऱ्हाईक पळत नाही.

"अजून किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"झालंच बाई," सासरे म्हणाले.

"मघाशीही तुम्ही झालंच म्हणालात. माझी शाळा भरली असेल."

"मुलांना काय, तेवढीच सुट्टी. सूनबाई, बाईंना पाणी दे."

खुर्चीचा एक पाय मोडला होता, म्हणून बाई एका आडव्या टायरवर बसल्या होत्या. उठल्या तेव्हा त्यांच्या फिकट कपड्यांवर मागच्या बाजूला टायरचा काळा अर्धगोल उमटला होता. सुनेने तो पाहिला. सांगावं की नको असा विचार मनात आला. पण सांगितलं तर बाई चिडतील, पुसायला पाणी मागतील, सासरे तिच्याकडे बघतील. तिने थाळीतला वाकडा खिळा दाखवला. बाईंनी मान हलवली, पैसे दिले आणि स्कूटर सुरू करून तशाच शाळेत गेल्या. वर्गात पाठमोऱ्या होऊन फळ्यावर लिहायला लागतील तेव्हा पोरं हसतील, एवढं सुनेला कळलं. कळलं आणि ती भांडी घासायला मागे गेली.

ऊन चढल्यावर लांबून आवाज आला. घूंऽऽ असा, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा, आणि वेग बदलला की तोही बदलणारा. नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवून कान टवकारले. टेंपो वळणावरून पुढे आला. तो सुनेच्या भावाचा होता.

"ताई!" त्याने उतरायच्या आधीच हाक मारली.

तो तिच्याहून बराच लहान. आईला शेतातून वेळ नसायचा, म्हणून तिनेच त्याला कडेवर वाढवलेला. आता त्याला मिशी फुटली होती आणि उन्हाने मान भाजून काळी पडली होती, पण हसला की पुढचा तुटका दात दिसे आणि तो पुन्हा तेवढाच होई. त्या दातालाही तीच कारण होती. मोठे दात आल्यावरही हट्टाने तिच्याच पाठीवर बसायचा, तिथून पडला होता.

"या, या पाहुणे," सासरे उठले. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. सूनबाई, चहा ठेव."

"काका, पुढचं चाक आवाज करतंय. टोमॅटो तोडून पडलेत, माल आजच उतरवायचाय. म्हटलं घरचंच दुकान असताना दुसरीकडे कशाला जा."

"शहाणा आहेस. घरचं ते घरचं."

माल उतरवायचा म्हणजे काठोकाठ भरलेला टेंपो डोंगराच्या उतारावरून खालच्या बाजारात न्यायचा. उतार सगळ्यांच्या माहितीचा होता. वळणावर वळणं, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मागच्या हंगामात तिथेच एका टेंपोचं पुढचं चाक निखळलं होतं. टेंपो झाडाला अडकला म्हणून माणूस वाचला. तो अजून काठी घेऊन चालतो.

नवऱ्याने जॅक लावून चाक उचललं. वर आणि खाली हात धरून हलवलं. आतून खडखडाट झाला. त्याने पुन्हा हलवलं. मग चाकावर हात तसाच ठेवून तो थोडा वेळ बसून राहिला, आणि उठून मागे पाण्याच्या पिंपाकडे गेला. सासरे त्याच्या मागून गेले. सून नळाशी चहाचं भांडं विसळत होती. ती बाजूला झाली नाही आणि त्यांनीही तिला बाजूला हो म्हटलं नाही. तिच्यासमोर बोलायला त्या घरात कोणाला संकोच वाटत नसे.

"बाबा, याचं खरंच गेलंय."

"मग?"

"मग काय, नवं घालायला हवं. आपल्याकडे नाही. शहरातून आणायचं तर उद्या."

"उद्यापर्यंत थांबतोय तो? माल पिकून पडलाय त्याचा. दुसऱ्या दुकानात जाईल. धुऊन काढ, ग्रीस ठास आणि तेच बसव. आवाज बसतो की नाही ग्रीसने?"

"बसतो. पण किती दिवस? भरलेली गाडी घेऊन उतरणार आहे तो."

"आजवर आपल्या दारातून गेलेल्या कुणाचं काही झालंय?"

"काही झालं तर कळायला तो परत यायला हवा ना," नवरा म्हणाला. पण ते इतक्या हळू म्हणाला की सासऱ्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

"नवं घातलं म्हणून सांग. थाळी आहेच. आणि पाहुणा आहे, म्हणून थोडं कमी घेऊ. बदनामी नको."

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं. तिच्या हातात भांडं होतं आणि भांड्यावरून पाणी वाहत होतं. तिने काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत असावं, म्हणजे त्याला म्हणावं लागणार नाही. तिने नळ बंद केला. त्याने डोकं खाजवलं आणि तो पुढे गेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

भाऊ याआधीही दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा म्हातारी त्याला दाखवली होती. पण त्या वेळी त्याच्या चाकाला काही झालंच नव्हतं, साध्या तेलपाण्यासाठी आला होता. पैसे गेले, जीव तर गेला नाही ना, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं. आज तसं म्हणता येत नव्हतं. चाक खरोखर गेलेलं होतं आणि आतमध्ये तेच राहणार होतं.

काम उरकायला वेळ लागला नाही. चाक बसलं, जॅक खाली आला, सासऱ्यांनी हाक मारली, "सूनबाई, पाहुण्यांचं काढलेलं दाखव बरं."

ती थाळी घेऊन पुढे गेली. भाऊ मोडक्या खुर्चीवर एका अंगाला तोल सांभाळत बसला होता. चहाचा कप त्याने मांडीवर ठेवला होता. तिने फडकं उचललं. हातांना सराव होता. तेलात न्हालेली म्हातारी उन्हात चकाकली.

भावाने वाकून पाहिलं आणि मान हलवली. "वाईट गेलंय," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

"बरं झालं बदललं ते."

"हो."

तो पैसे देऊन उठला. आत जाऊन तिच्या सासूला नमस्कार करून आला. गाडीत बसताना म्हणाला, "ताई, वाळलीस गं." आणि गेला. टेंपोचा आवाज आता खरोखर बसला होता. लोण्यातून सुरी जावी तसं ते चाक चाललं होतं. सासरे समाधानाने बघत राहिले.

"सासूबाई, दूध संपलंय. घेऊन येते," तिने आत सांगितलं. दूध अर्धं भांडं शिल्लक होतं. सासूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, भांड्याकडे नाही पाहिलं.

माल भरायला जायचं त्या माहेरच्या वाडीकडे वळायच्या आधी रस्त्याला एक नळ होता. भाऊ तिथे थांबून पाणी भरून घेतो हे तिला ठाऊक होतं. रस्त्याने लांब पडलं असतं. ती दुकानामागच्या बांधावरून निघाली. नांगरलेल्या ढेकळांत पाय मुडपत होते. चप्पल तुटली ती तिने तिथेच सोडली. धावताना काय बोलायचं हे ती जुळवत होती. पण डोक्यात एकच येत होतं, की तो झाडालाही अडकणार नाही.

तो नळाखाली हात धूत होता. ती अनवाणी समोर येऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला.

"ताई? काय झालं? काही विसरलो का?"

ती सरळ चाकाशी जाऊन बसली. मधल्या टोपणावर तिने बोटं टेकवली. बोटांना काहीच कळलं नाही. मग तिने बाही सारली आणि कोपर टेकवला. त्याला लहानपणी आंघोळ घालताना पाणी कढत आहे का ते ती असंच कोपराने बघायची. कोपर चटकन मागे आला. एवढ्याशा अंतरात आणि तेही रिकाम्या गाडीला, लोखंड तापलं होतं.

"माल भरू नकोस," ती म्हणाली. "आत जुनंच आहे. धुऊन बसवलंय. मी दाखवलं ते तुझं नव्हतं. उतारावर नेऊ नकोस ही गाडी. तुझ्या पाया पडते."

एका दमात बोलून झालं. आता तो ओरडेल, गाडी वळवून दुकानात जाईल, सासऱ्यांची गचांडी धरेल, आणि रात्रीपर्यंत आपल्याला घराबाहेर काढतील, असं सगळं ती धरून चालली होती. त्याची तिला भीती वाटत नव्हती. उलट बरं वाटत होतं.

भावाने हात पँटला पुसले. गाडीचं दार उघडलं, सीटखाली हात घातला आणि एक लहान खोकं काढून तिच्यापुढे धरलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेलं कोरं बेअरिंग होतं.

"कालच आणलंय," तो म्हणाला. "वाडीत एक मिस्त्री आहे. माल भरायच्या आधी त्याच्याकडून बसवून घेणार आहे. तिथपर्यंत हळू नेतो. घाबरू नकोस."

तिला आधी नीट समजलं नाही. "काल आणलंस? मग आमच्याकडे कशाला आलास?"

"कशाला म्हणजे? तुझं घर आहे. हंगामात एकदा तरी यायला नको? माहेरचं माणूस गिऱ्हाईक म्हणून आलं की काका जरा बरे वागतात तुझ्याशी. मागच्या वेळी मी गेल्यावर तुला चपला आणल्या होत्या ना? तूच आईला सांगितलं होतंस."

ती आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"दुसऱ्या खेपेला ओळखलं. कडेला टवका आहे तिच्या." मग तो थोडा हसला, तुटका दात दिसला. "ताई, आता तर सगळेच ओळखतात. बाजारात भेटले की विचारतात, काय रे, म्हातारी कशी आहे? आंघोळ झाली का तिची?"

म्हातारी हे नाव घरातल्या चौघांनाच ठाऊक आहे, असं ती इतकी वर्षं समजत होती. नवरा संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसतो. चार माणसांत हसायला त्याच्याकडे दुसरं काय असणार?

"दूधवाल्याला ठाऊक आहे?"

"दूधवाल्यानेच मला सांगितलं आंघोळीचं."

"शाळेतल्या बाईंना?"

"सगळ्यांनाच, ताई."

"मग लोक येतात कशाला?"

"इथे जवळ दुसरं दुकान कुठे आहे? साधी हवा भरायची, पंक्चर काढायचं, त्यासाठी येतात. दाजींचा हात चांगला आहे. आणि तू थाळी घेऊन आलीस की कोणाला काही बोलवत नाही. चांगल्या घरची पोरगी, तिला तोंडावर काय म्हणायचं? मान हलवतात आणि देतात."

नळाला गळती होती. खालच्या दगडावर थेंब पडत होते. मग तिने ते विचारलं, जे विचारायचं नव्हतं.

"म्हणजे इतके दिवस तुला वाटत होतं, की मला ठाऊक असून मी तुला दाखवते?"

भावाने खोकं पुन्हा सीटखाली ठेवलं. ठेवायला लागतो त्याहून जास्त वेळ तो वाकलेला राहिला.

"ठाऊक नव्हतं का?" त्याने विचारलं. रागाने नाही. नव्हतं म्हणालीस तर मी खरं मानीन, अशा आवाजात.

नव्हतं म्हणायला काही लागत नव्हतं. तो आनंदाने घरी गेला असता. रोज तोंडाने इतकं खोटं निघत होतं, त्यात हे एक. पण तेवढं एक खोटं तिच्याच्याने बोलवलं नाही.

"होतं," ती म्हणाली.

"मग," तो म्हणाला. "असू दे. आज आलीस ना पळत."

"आईला काय सांगतोस?"

"सांगतो, ताई दुकानात बसते. लोक वहिनी वहिनी करतात. मान आहे तिला."

तिने डोळ्यांतून पाणी येतंय का याची वाट पाहिली. आलं नाही. बोटांची टोकं आधी पांढरी पडली तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, असं काहीतरी मनात आलं आणि गेलं.

"यापुढे येऊ नकोस," ती म्हणाली.

"असं कसं? येणार. तू दाखव, मी बघतो. त्यात काय आहे?" तो गाडीत बसला. "चप्पल घाल काहीतरी. काटे आहेत वाटेत."

टेंपो हळूहळू वाडीच्या रस्त्याला लागला. आवाज नव्हता. तो दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. मग नळाची तोटी घट्ट पिळून बघितली. गळती थांबली नाही. ती बांधावरून परत निघाली आणि वाटेत तुटकी चप्पल उचलून घेतली. दूध आणलं नव्हतं. सासूने विचारलं नाही.

रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा म्हणाला, "पोचला असेल ना नीट?"

"पोचला असेल," ती म्हणाली. त्याला सगळं सांगून झोप द्यावी असं तिला एकदा वाटलं, आणि नाही वाटलं. तो रात्रभर कूस बदलत होता. तिला मात्र झोप लागली.

सकाळी सासऱ्यांनी हाक मारली. "सूनबाई, म्हातारीला आंघोळ घातली का?"

"घालते."

तिने तेल कोमट केलं. थाळी पुसली, तेल ओतलं, टवक्याच्या कडेला ग्रीस फासलं, फडकं झाकलं. मग चहा ठेवला. डाव्या पायाच्या चपलेला तिने तारेने बांधलं होतं आणि तार चालताना टोचत होती.

ऊन कोवळं असतानाच दूधवाला आला. त्याची तीनचाकी रिकाम्या किटल्या खडखडवत दुकानापुढे थांबली. मागचं चाक बघायचं होतं. नवऱ्याने काय केलं, काय नाही केलं, ते तिने पाहिलं नाही. ती आतल्या उंबऱ्यावर बसून होती. दूधवाला टायरवर बसला नाही. उभाच राहिला आणि सासऱ्यांशी पावसापाण्याचं बोलत राहिला. थोड्या वेळाने हाक आली, "सूनबाई, यांचं काढलेलं दाखव बरं."

ती थाळी घेऊन पुढे गेली. आज पहिल्यांदा ती गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत चालली होती. एरवी ती थाळीकडे बघे. दूधवाला पोक्त माणूस होता, तिच्या वडिलांच्या वयाचा. ती समोर येऊन थांबली तेव्हा त्याने थाळीकडे पाहिलंच नाही. तिच्याकडेही पाहिलं नाही. तो पलीकडे आपल्या किटल्यांकडे बघत होता, एखादी बाई साडी नेसत असताना चुकून दार उघडलं गेलं तर माणूस दुसरीकडे बघतो तसा.

"हो हो, वहिनी," तो घाईने म्हणाला. "गेलंच होतं ते. फार वाईट गेलं होतं. बरं झालं काढलं."

आणि त्याने मान हलवली. काल भावाने हलवली होती तशी. शाळेतल्या बाईंनी हलवली होती तशी. मग तो पैसे काढायला खिशात हात घालू लागला.

सून तिथेच उभी होती. फडकं तिने अजून उचललंच नव्हतं.

"दाखवलंस का गं?" मागून सासऱ्यांनी विचारलं.

"दाखवलं," ती म्हणाली, आणि झाकलेली थाळी तशीच आत घेऊन गेली.